सूर्य पाण्यातून उगवतो, असं दादा म्हणायचा

समस्त पर्यटक, हौशी छायाचित्रकार, नवविवाहित जोडपी आणि तमाम मोबाइलधारक यांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मालवणच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवत नाही. तो कधीच उगवला नाही आणि ग्रामसभेने एकमताने ठराव केला तरी उगवणार नाही. तो आपल्या पाठीमागून, सह्याद्रीकडून येतो, माडांच्या शेंड्यांवरून वर चढतो, दिवसभर आपली टाळू तापवतो आणि संध्याकाळी समोरच्या पाण्यात जाऊन बुडतो. कोणाची हरकत असल्यास ती थेट सूर्याकडे नोंदवावी.

हे जाहीर करायची पाळी माझ्यावर आली, कारण दर हिवाळ्यात मी एकच नाटक पाहत आलो आहे. पहाटे अंधारातच किनाऱ्यावर माणसं येऊन उभी राहतात. घाटावरून आलेली असतात, गळ्यात मफलर, हातात कॅमेरे, आणि सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. मी थोडा लांब, तिपाई रोवून, समुद्राकडे पाठ करून उभा असतो. ते माझ्याकडे जरा दयेनंच बघतात. हळूहळू फटफटतं. पाणी राखाडी होतं, मग निळं होतं. कोणीतरी म्हणतं, आज बहुतेक ढग आहेत. शेवटी एखादी आजीबाई चपलेतली वाळू झटकायला म्हणून मागे वळते आणि तिला दिसतं की सूर्य केव्हाचाच माडांच्या वर येऊन सगळ्यांच्या पाठी शेकत बसलाय. एकदोनदा मला त्यांनी विचारलंही होतं, अजून किती वेळ? मी घड्याळ बघून, चेहरा सरळ ठेवून सांगितलं, येईलच आता. माझा स्वभाव तुम्हाला एवढ्यावरून कळला असेल.

माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो, आणि आता लग्नाआधी जोडप्यांना वाळूत पळवून काढायचे ते फोटो. त्या सगळ्यांना सूर्यास्त लागतो. मुलगी सूर्य चिमटीत धरते, मुलगा तो गिळायला जातो, मी ‘जरा डावीकडे’ म्हणतो, आणि माझं घर चालतं. पण माझं स्वतःचं वेड सूर्योदयाचं. आमच्याकडचा सूर्योदय भिडस्त आहे, त्याला शोधत जावं लागतं. आचऱ्याच्या खाडीवर थंडीत पाण्यावर वाफ धरते, तिच्यातून तो आधी दिसतच नाही, फक्त वाफ तांबूस होते. मिठबावकडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, पावसाळा संपल्यावर गवत सुकून पिवळं पडतं, तेव्हा तो गवताच्या मुळांतूनच उगवल्यासारखा वाटतो. देवबागेत तर एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे गाव. तिथला माणूस घरातून न हलता पुढल्या दारी उगवता आणि मागल्या दारी मावळता सूर्य बघू शकतो. बघत नाही, हा भाग वेगळा.

सकाळी घरी आलो की माझे फोटो सर्वांत आधी बघायची ती माझी थोरली वहिनी. तिला आमच्याकडच्या बोलीत वयनी म्हणतात. तिचं घर माझ्या घराला लागूनच, मधे एक कुंपण, तेही अर्धं पडलेलं. कित्येक वर्षं तिनं मालवणच्या बाजारात मासे विकले. त्यामुळे तिचा आवाज कुंपणापेक्षा उंच आहे आणि गिऱ्हाइकाला तोंडावर पाडायची सवय गेलेली नाही. ती चष्मा कपाळावर चढवून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर नाक टेकवते आणि म्हणते, “सूर्य तोच, माड तेच. कालचो काय पसंत पडलो नाय तुका?”

मी कॅमेरा परत घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे निघतो.

आता दादाकडे येतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वयनीचा नवरा. तो ट्रॉलरवर तांडेल होता. होडी कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, माघारी कधी वळायचं, हे जो ठरवतो तो तांडेल. कामाला दादा चोख होता. जिभेला मात्र नव्हता. त्याच्या थापा अख्ख्या वाडीत प्रसिद्ध होत्या आणि मी जो काही गोष्टीवेल्हाळ झालो तो त्याच्याच मांडीवर. एकदा म्हणे मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, पोटात त्याला चप्पल सापडली. एकच. आणि पुढल्या हंगामात दुसऱ्या मोरीच्या पोटात तिची जोडी. पुरावा म्हणून त्यानं एक जोडी घरात आणून वापरलीही. वयनी म्हणायची की ती चप्पल तिनं बाजारातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती.

पण एक गोष्ट दादा थाप मारायच्या आवाजात सांगत नसे. तो म्हणायचा, खूप आत गेलं की जमीन बुडते. डोंगरसुद्धा बुडतात. मग चारी बाजूंनी पाणीच पाणी, आणि सकाळी सूर्य पाण्यातून उगवतो. एवढ्यावर थांबला असता तर बरं. पुढे म्हणायचा की असा सूर्य वर आला की मी प्रत्येक वेळी खलाश्यांना सांगतो, तुमच्या वयनीला हा एकदा दाखवायला हवा.

वयनीला हे दोन्ही पटायचं नाही. ती आयुष्यभर या किनाऱ्यावर मासे सुकवत आली. तिच्या हिशेबी सूर्य देवळामागच्या वडावरून वर येतो आणि समुद्रात बुडतो. जो रोज एका ठिकाणी बुडतो तो तिथूनच बाहेर कसा येईल? आणि दाखवायचा विषय तर सोडाच. मासेमारीला निघालेल्या होडीत आमच्याकडे बाईमाणूस बसत नाही. होडीला नारळ वाढवायला बाई पाहिजे, जाळी विणायला पाहिजे, मासे निवडायला, विकायला पाहिजे. होडीत मात्र नको. तो रिवाज दादानं केला नव्हता, पण पाळत होता. मग दाखवायला हवा असं म्हणण्यात काय खर्च होतो, असं तिचं म्हणणं.

यावरून त्यांचा एक खेळच झाला होता. दादा समुद्रावरून आला, अंगाला मीठ, डोळे तांबडे, की ती पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी विचारायची, आज खंयसून उगवलो? तो म्हणायचा, पाण्यातसून. ती म्हणायची, पाण्यातसून बांगडो येता, सूर्य नाय. मग तांब्या मिळायचा. आम्ही कुंपणापलीकडून ऐकायचो. माझी बायको म्हणायची, ही दोघं आता आंघोळीपर्यंत सुखात आहेत.

मग एका पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली झाकलेल्या असताना, दादा झोपेतच गेला. आजारी नव्हता. आदल्या दिवशी त्यानं शेजाऱ्याला कसलीशी थाप मारली होती, ती अर्धीच राहिली.

 माझे फोटो वयनी पुढेही बघत राहिली, टोमणेही मारत राहिली. पण सकाळचा तो प्रश्न विचारायला तिच्याकडे कोणी उरलं नाही. आणि प्रश्न विचारायचा बंद झाला की माणूस त्याचा विचार करायला लागतो, असं काहीसं तिचं झालं असावं. कारण पुढच्या हिवाळ्यात एके दिवशी मी तिला खाडीवरचा फोटो दाखवत होतो, तेव्हा ती पडद्याकडे न बघता म्हणाली, “तुझ्या दादाक जल्मभर थापाडो म्हटलंय. बाकीच्या थापा ऱ्हवांदेत. ही येक खरी काय खोटी, तेवढा माका कळाक व्हया.”

मी तिला लगेच शास्त्र सांगायला लागलो. पृथ्वी गोल वगैरे. तिनं हातानंच गप्प केलं. तिला पृथ्वीशी कर्तव्य नव्हतं. सूर्य खरोखरच पाण्यातून येत असेल, तर त्याला लागून असलेली दुसरी गोष्टही कदाचित खरी असेल, इतकाच तिचा हिशेब होता. दर सकाळी, तिकडे लांब, कोणीतरी आपली आठवण काढत होतं, की तांब्याभर पाण्यासाठी मारलेली ती थाप होती?

मी म्हटलं, तूच चल, बघून ये, आता कोणाचा बाप अडवतो. ती गुडघे चोळत हसली. ट्रॉलर किनाऱ्याला लागत नाही. लहान होडीतून जायचं आणि बाजूला टांगलेल्या टायरवर पाय देऊन वर चढायचं. ज्या वयात गुडघे होते तेव्हा रिवाज आडवा होता. रिवाज ढिला झाला तोवर गुडघे गेले. तेव्हा मी छातीवर हात ठेवून, नाटकातल्या राजपुत्रासारखं, जाहीर केलं की तुझ्यासाठी हा सूर्य मी घेऊन येतो. माझी बायको आतून म्हणाली, आधी उलटीचं औषध घेऊन या.

दादाच्या ट्रॉलरवर आता जो तांडेल आहे तो पूर्वी त्याच्याच हाताखाली खलाशी होता. तो तयार झाला. दुपारी निघालो. मी डेकवर बसून जमीन बुडताना बघितली, अगदी दादा सांगायचा तशी. आधी वाळू गेली, मग किल्ल्याचा तट, मग माड, आणि संध्याकाळी डोंगरांची निळी रेघही पाण्यात विरघळली. पुढचं मी बघितलं नाही, कारण मी कठड्यावरून ओणवा होतो. बायकोचं औषध घरीच राहिलं होतं.

पहाटे उठलो तेव्हा डोकं जरा जागेवर आलं होतं. तिपाई उभी करून पाहिली, तर ती माझ्याआधी लोळली. म्हणून केबिनला एक खांदा टेकून, पाय फाकवून, कॅमेरा डोळ्याला लावून मी सज्ज झालो. बराच वेळ काही होईना. पाणी राखाडी होत होतं. मी मनात म्हटलं, आज ढग असावेत. तेवढ्यात एका खलाश्यानं मागून माझे दोन्ही खांदे धरले आणि मला बाहुल्यासारखं उलटं फिरवलं. मी पश्चिमेकडे तोंड करून उभा होतो. ना माड, ना देऊळ, ना डोंगर. पूर्व ओळखायची कशावरून? मफलरवाल्या सगळ्या मंडळींची मी त्या क्षणी मनातल्या मनात माफी मागितली.

आणि मग तो आला. पाण्याच्या कडेला आधी एक तांबडी चीर पडली. ती फुगली. वर येताना त्याची खालची कड पाण्याला चिकटून राहिली, तव्यावरून आंबोळी सुटताना कड धरते तशी, आणि मग हलकेच सुटली. इतकी वर्षं सूर्योदयांच्या मागे फिरलो, पण सूर्याच्या खाली काहीच नाही असा सूर्योदय मी पहिल्यांदा बघत होतो. फोटो काढायचं अर्धं विसरलो. बोटानं आपोआप जे केलं तेवढंच.

पण खरी गोष्ट माझ्या मागे घडत होती. जाळं ओढायची तयारी चालू होती. सूर्य सुटा झाला तसे सगळे थांबले, एकेकानं हात कपाळाला लावला आणि प्रत्येकजण पुटपुटला, “वयनीक दाखवूक व्हयो.” मग पुन्हा कामाला लागले.

मी तांडेलाकडे बघितलं. त्याला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. म्हणाला, दादा रोज म्हणायचा, आम्ही त्याच्यामागून म्हणायला लागलो, तो गेल्यावरही तोंडात राहिलं. एकदा म्हणायचं राहून गेलं तर जाळं खडकात अडकून फाटलं. तेव्हापासून कोणी चुकवत नाही. नवा खलाशी आला की त्याला आधी हे शिकवतात. ज्यानं मला फिरवलं होतं तो मधल्या वयाचा, नेपाळहून आलेला माणूस. आमच्याकडे आता बऱ्याच होड्यांवर तिकडचे खलाशी असतात. त्याला मी विचारलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला, अर्थ माहीत नाही. इथं सूर्याला असंच म्हणतात ना?

मी त्या डेकवर बसून राहिलो. दादा थापाड्या म्हणून गेला होता, आणि इथे त्याचं एक वाक्य त्याच्या माघारी, अर्थ न कळणाऱ्या तोंडांतूनसुद्धा, रोज सकाळी सूर्याला वाहिलं जात होतं. आता घरी जाऊन हे सांगायचं, एवढंच काम उरलं होतं. मला वाटलं, आयुष्यात इतक्या गोष्टी सांगितल्या, ही तर आपोआप सांगितली जाईल.

घरी आलो. वयनी विळीवर भाजी चिरत होती. मी कॅमेरा तिच्यापुढे धरला. तिनं चष्मा कपाळावर चढवला, नाक टेकवलं, बराच वेळ बघितलं. 

“ह्यो तर सांजेचो सूर्य,” ती म्हणाली. “चिवल्याक काढलंस मां?” चिवला म्हणजे मालवणातलाच किनारा.

झालं. तेवढ्यात कुंपणावरून शेजारीण आली, तिनंही बघितलं आणि किती बरा सूर्यास्त म्हणून कौतुक केलं. माझ्या बायकोनं बघितलं. ती माझ्या बाजूनं होती, तरी तीही क्षणभर अडखळली. मी स्वतः पुन्हा बघितलं आणि माझाही विश्वास डळमळला. लाल गोळा, काळं पाणी, मधे एक रेघ. तो वर येतोय की खाली जातोय हे फोटोत कुठे दिसतं? असे हजार फोटो मी जोडप्यांना विकले होते. मी म्हटलं, कॅमेऱ्यात वेळ नोंदलेली असते, बघ, सकाळची आहे. वयनी म्हणाली, घड्याळाचे काटे कोणय फिरवता.

मग मी खलाश्यांचं सांगितलं. जसं घडलं तसं, शब्दन् शब्द, काही न वाढवता. आणि सांगता सांगताच मला कळत होतं की हे बुडतंय. कारण ते फारच छान होतं. माझ्या तोंडून आलेल्या प्रत्येक छान गोष्टीसारखं छान होतं. हात कपाळाला लावलेला मी करून दाखवला, तोही जरा जास्तच चांगला झाला. वयनी भाजीवरून नजर न काढता हसली, मायेनंच हसली, आणि म्हणाली, “तुमी दोघव एकाच आवशीचे.” म्हणजे एकाच आईचे, दोघंही थापाडे.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. लोकांना समुद्राकडे तोंड करून उभं ठेवण्यात मी उभी हयात घालवली. असा घालवलेला विश्वास परतही मिळत नाही, बदलूनही मिळत नाही. एक खरी वस्तू हातात होती आणि माझ्या दुकानात तिला गिऱ्हाईक नव्हतं. रात्री बायको म्हणाली, तुम्ही जरा रडक्या आवाजात सांगायला हवं होतं. मी म्हटलं, मग तर तिनं टाळ्याच वाजवल्या असत्या.

पुढे काही दिवसांनी ट्रॉलर परत आला. जुन्या तांडेलाच्या घरी खायला म्हणून मासळी पाठवायची, हे त्या होडीवर अजून चुकत नाही. सकाळची वेळ होती. मी वयनीच्या पडवीत चहा पीत बसलो होतो आणि ती आत होती. पिशवी घेऊन आला तो नेमका माझे खांदे फिरवणारा नेपाळी खलाशी. पहिल्यांदाच येत होता, घर विचारत विचारत. मी आत हाक मारली, वयनी, म्हावरा इला गो.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. खलाशी पिशवी पुढे करता करता थबकला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. हिंदी आणि मालवणीच्या खिचडीत त्यानं मला विचारलं, वयनी म्हणजे ह्या? मी मान हलवली. एक शब्द बोललो नाही. मला माझं तोंड आता चांगलं माहीत झालं होतं. तो तिला म्हणाला की आम्ही रोज तुमचं नाव घेतो. तिनं कारण विचारलं, माझा? कित्याक? तर तो पिशवी खाली ठेवून, पडवीच्या पायरीवर उभा राहून, शाळेत कविता म्हणावी तसं, हात कपाळाला लावून म्हणाला, “वयनीक दाखवूक व्हयो.” मग स्वतःच ओशाळला. सांगायला लागला की सूर्य पाण्यातून वर आला की असं म्हणायचं असतं, पुराना तांडेल म्हणायचा, मला वाटलं होतं देवाचं काही असेल.

या माणसानं दादाला कधी बघितलं नव्हतं. त्याला थाप मारायची तर ती कोणत्या भाषेत मारू हासुद्धा प्रश्न होता. वयनीनं त्याला बसायला सांगितलं, चहा दिला, गावाकडे कोण कोण आहे ते विचारलं, सगळं रीतसर केलं. तो गेला. तिनं मासळी ताटात ओतली, निवडायला घेतली. पापलेट एकीकडे, बांगडे एकीकडे. मी वाट बघत होतो. खरं सांगतो, मनातून मी फुललो होतो. दादा सुटला, मीही सुटलो, आता ती हसेल, कॅमेरा आण म्हणेल, असं मला वाटत होतं.

तिचे हात चालत होते, मग थांबले. एक बांगडा तसाच हातात राहिला. तिच्या तोंडावर जे आलं ते मला ओळखता येईना आणि ओळखता आलं तेव्हा वाटलं, तो सूर्य मी तिकडे लांबच राहू द्यायला हवा होता. थापाड्या नवऱ्याबरोबर ती इतकी वर्षं मजेत नांदली होती. हा खरं बोलणारा नवरा तिच्या ओळखीचा नव्हता, आणि त्याला विचारायचं आता खूप होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, पण विचारलं ते मला नव्हे.

“मगे माका एकदा तरी घेवन कित्याक नाय गेले?”